गुडघ्यांची हळद

चिंचवड,
५ डिसेंबर १९७७

वन्सं,

साष्टांग नमस्कार लिहिते आहे, तो कागदावरच गोड मानून घ्या. खरोखरीचा घालायचा म्हटला तर खाली गेलेली मी वर काही येणार नाही. शुभदाला शेजारच्या बायका बोलवून आणाव्या लागतील.

काल भिमाजी ट्रकवाला दारात एक डबा ठेवून गेला. तुमच्या दुकानची हळदीची पोती घेऊन पुण्याच्या बाजारात येतो तो. कुणी दिला म्हणून विचारलं, तर म्हणाला, नाव सांगू नको म्हणून सांगलीच्या बाईंनी बजावलंय. आता सांगलीत माझ्या ओळखीच्या अशा बाई असून असून किती असणार? आणि झाकण काढायच्या आधीच वास आला. हळद, सुंठ, मेथी, गूळ आणि जरा मिरं. बोराएवढ्या गोळ्या, आणि प्रत्येकीवर अंगठ्याने दाबल्याची खूण. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी तुम्ही अशाच वळायचात. मी नवी नवरी होते, चुलीपाशी बसून बघत राहायचे. मला वळू द्यायचा नाहीत, कारण माझ्या गोळ्या लाडवाएवढ्या व्हायच्या.

तीन वर्षांनी डबा पाठवलात आणि आत चार ओळींची चिठ्ठी नाही. हे मात्र अगदी तुमच्यासारखंच झालं.

माझे गुडघे धरलेत ही बातमी तुमच्या चित्रानेच पोचवली असणार. तिला पत्रात सहज लिहिलं होतं. तुमचा भाऊ गेल्यावर कंपनीने मला कॅन्टीनमध्ये घेतलं, आमची चूल त्यावर चालते, तेव्हा तक्रार करायला मला तोंड नाही. पण सकाळच्या शिफ्टला पोळ्या लाटायला उभी राहिले की दुपारी पाय माझे आहेत असं वाटत नाही. डॉक्टर म्हणतात झीज झाली आहे. त्यांच्या गोळ्यांनी गुडघा गप्प बसतो आणि पोट पेटतं.

इतकं लिहिलंच आहे तर तेही लिहिते. तुम्ही विसरला असाल म्हणून नाही, माझ्या छातीवरचं उतरावं म्हणून. चित्राच्या हळदीला मी आले होते. पोरगी लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या कुशीत झोपलेली. पाटावरून तीच म्हणाली, मामी, तू पण लाव. मी दोन बोटं वाटीत बुडवली, आणि तुम्ही सगळ्या बायकांच्या देखत माझं मनगट धरलंत. "कुसुम, तू राहू दे," एवढंच म्हणालात. तुमचा भाऊ जाऊन तेव्हा वर्षच होत होतं. मी न्हाणीत जाऊन हात धुतले आणि जेवायला न थांबता एस.टी. गाठली. स्वारगेट येईपर्यंत पदराने नखं घासत होते. नखांतली हळद काही निघाली नाही.

तुम्हाला आता हळद पाठवावीशी वाटली, ती माझ्या गुडघ्यांना. तिथे कुणाला दिसत नाही म्हणून चालत असेल.

गोळ्या शेजारच्या म्हातारीला देऊन टाकणार आहे.

कुसुम


चिंचवड,
१६ जानेवारी १९७८

वन्सं,

तुमचं कार्ड मिळालं. "सकाळी एक, रात्री एक. दुधातून. वर तूप हवंच. आंबट बंद. आंबेहळद तिळाच्या तेलात गरम करून वरून लेप." खाली सही नाही, आशीर्वाद नाही. आमच्या दवाखान्यातला कंपाउंडर याहून गोड बोलतो.

म्हातारीला गोळ्या दिल्या नाहीत. मागचं पत्र पेटीत टाकून घरी आले आणि पहिली तोंडात टाकली, झालं समाधान? पाय खडखडीत झाले असं म्हणणार नाही, खोटं कशाला बोलू. पण सकाळी अंथरुणातून उठताना पूर्वी भिंत, खुर्ची आणि शुभदा असे तीन आधार लागायचे, आता भिंतीवर भागतं. डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, घ्या, पण आमच्या एकदम सोडू नका. पोट बिघडलं तर लगेच या. तेव्हा दोन्ही चालू आहे.

परवा संक्रांत झाली. चाळीत घरोघर हळदीकुंकू. अशा दिवशी मी दार ओढून घेते, हे आता चाळीला पाठ आहे. मी बोलावण्याची वाट बघत नाही आणि त्यांनाही बोलावता येत नाही. यंदा मी आत बसून गुडघ्यांना तुमचा लेप लावत होते. बाहेर बायका उखाणे घेत होत्या, हसत होत्या, आणि आत मी मांडीपर्यंत पिवळी. मला एकटीलाच हसू आलं. वन्सं, अख्ख्या चाळीत सगळ्यात जास्त हळद त्या दिवशी माझ्याच अंगाला होती.

आता खरी बातमी. आपल्या शुभदाचं जमलं. ती कंपनीत टायपिस्ट आहे, तिथलाच टर्नर, ज्योतीराम नाव. कुरुळीचा. नाशिक रस्त्याला चाकणच्या अलीकडे गाव आहे. घरी कांद्याची शेती, वडील चिमाजी, आणि आई बोलायला खणखणीत. बघायला आल्या तेव्हा मला म्हणाल्या, "पोरगी आमाला पसंत हाय. हुंडा न्हाई, मानपान न्हाई. फकस्त लग्न रीतीपरमानं करा." हुंड्याचं ऐकून मी हसले आणि रीतीचं ऐकून चहाचं निमित्त काढून आत गेले.

कारण रीत म्हटली की हळद आली. नवऱ्याकडची उष्टी हळद आली की नवरीला ती पहिली आत्या लावते. शुभदाला एकच आत्या आहे. म्हणून अढी बाजूला ठेवून लिहिते. लग्न वैशाखात आहे. तुम्ही या, आणि पोरीला पहिली हळद लावा. मी आतल्या खोलीत बसेन, मला चालेल. माझा हात लागला नाही तरी तिच्या बापाच्या रक्ताचा हात लागू दे. मला दुसरं काही नको.

कुसुम


चिंचवड,
२२ मार्च १९७८

वन्सं,

सुखरूप पोचले. दाजींच्या तेराव्याला मी येऊन गेले, तुमच्याच खोलीत मुक्काम केला, तुमच्याच सतरंजीवर झोपले, आणि आपण एकमेकींशी एक शब्द बोललो नाही. तुम्ही भिंतीकडे तोंड करून होतात. तुमचा भाऊ गेला तेव्हा बायका येऊन माझ्याशी जे बोलत होत्या, ते सगळं मला आठवत होतं. त्यातलं एकही तुम्हाला ऐकवावंसं वाटलं नाही.

दाजी म्हणजे भला माणूस. माझ्या लग्नात माझ्या भावांनी मानपानावरून अडवलं तेव्हा तुमच्या बाजूने भांडायचं सोडून आमच्या बाजूने भांडले होते. तुम्ही महिनाभर अबोला धरला होतात त्यांच्याशी.

तुमच्याशी बोलले नाही, पण बघत होते. उठताना तुम्ही दाराची चौकट धरता आणि दात आवळून घेता. तुमचेही गुडघे गेलेत. किती दिवसांपासून? माझ्यासाठी गोळ्या वळत होतात तेव्हा स्वतःही घेत होतात ना?

काल चित्राचं पत्र आलं. लिहिते, आईने गोळ्या बंद केल्या, हळदीचं दूध बंद केलं, लेपाची वाटी घासून फडताळात ठेवून दिली. विचारलं तर म्हणते, हळद आता माझी राहिली नाही.

ते वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. वन्सं, उभा जन्म तुम्ही हळदीच्या दुकानात काढलात. तुमच्या घराच्या भिंतींना हळदीचा वास आहे. आता आमटीत हळद घालता की पांढरी आमटी खाता? भाजीत चालते, लोणच्यात चालते, बोट कापलं तर चालते, आणि गुडघ्याला लागली की तेवढी सवाष्णीची होते? असं कोणत्या पोथीत लिहिलंय ते मला दाखवा. मी सातवी पास आहे, वाचता येतं मला.

माझ्या हातून हळदीची वाटी गेली तेव्हा मला कुणी असं भांडून सांगितलं नाही. सगळ्या हळहळल्या आणि आपापल्या घरी गेल्या. म्हणून मी तुमच्याशी भांडते आहे. चार वर्षं मी दार ओढून बसले आहे, तिथे आत काय असतं ते मला माहीत आहे. तुम्ही नका बसू.

सोबत डबा पाठवते. तुमचाच डबा, गोळ्या माझ्या. लाडवाएवढ्या झाल्यात, हसलात तरी चालेल. अर्धी सकाळी, अर्धी रात्री. वर तूप हवंच.

कुसुम


चिंचवड,
१८ एप्रिल १९७८

वन्सं,

या वेळी कार्डावर खाली "तुझी वन्सं" असं लिहिलंत. शुभदाने मोठ्याने वाचून दाखवलं, मी परत वाचायला लावलं.

गोळ्या घेता आहात हे वाचून बरं वाटलं. औषध म्हणून घेते, असं तुम्ही दोनदा लिहिलंत. घ्या की. मी कुठे तीर्थ म्हणून घ्या म्हटलं?

भिमाजीने पुडकंही दिलं. आंबेहळद आणि साधी, दोन्ही तुम्ही स्वतः कुटल्यात. जाडसर आहे, शेवटी हात दुखून आल्यावर सोडून दिलेली दिसते. पुडक्यावर तुम्ही लिहिलंत, "कुसुमच्या गुडघ्यांसाठी. लग्नकार्यात वापरू नये." इतक्या ठसठशीत अक्षरात की भिमाजीने मला विचारलं, यात विषबिष आहे का बाई?

लग्नाला येत नाही म्हणता. तुमची सावलीही पोरीवर नको म्हणता. शुभदाने ते वाचलं आणि उठून बाहेर ओसरीवर जाऊन उभी राहिली.

वन्सं, खरं सांगते. त्या दिवशी तुम्ही मनगट धरलंत त्याचा राग मला होताच, पण त्याहून जास्त दुःख दुसऱ्याच गोष्टीचं होतं. माझं आईचं छत्र लहानपणी गेलं. सासरी आले तेव्हा तुम्ही मला वेणी घालायला शिकवलंत, भाकरी थापायला शिकवलंत, शुभदाच्या वेळी रात्रभर माझी कंबर दाबत बसलात. तुमचा भाऊ गेल्यावर मला वाटलं होतं, एक गेलं तरी एक आहे. आणि मग त्या मांडवात तुम्हीही गेलात असं वाटलं. तीन वर्षं मी दोघांसाठी रडले.

आता तुम्ही मागे फिरताय, तर अर्ध्या वाटेत थांबू नका. या. आपण दोघी आतल्या खोलीत बसू. पहिली हळद नाही तर नाही, पण पोरीला घरात तिची आत्या दिसू दे.

पण मला ठाऊक आहे, तुम्ही यायच्या नाहीत. एकदा नाही म्हटलं की तुमच्या भावाचंही असंच असायचं.

कुसुम


चिंचवड,
१४ मे १९७८

वन्सं,

कार्य पार पडलं. शुभदा कुरुळीला गेली. घर इतकं रिकामं वाटतंय की मघाशी तिच्या टायपिंगच्या परीक्षेचं पुस्तक झटकून पुन्हा होतं तिथे ठेवलं. लग्नाचं वर्णन चित्रा करील, तिने साड्यांवर नजर ठेवली होती. मी तुम्हाला फक्त हळदीचं सांगते, कारण ते तुम्हाला मीच सांगायला हवं.

आदल्या दिवशी पुऱ्या लाटून लाटून माझे दोन्ही गुडघे हंड्यासारखे सुजले. हळदीच्या सकाळी उभं राहता येईना. चाळीतल्या बायका ओसरीवर पाट मांडून, गजरे माळून तयार, आणि कुरुळीहून उष्टी हळद घेऊन निघालेला टेम्पो मोशीपाशी बंद पडलेला. सगळ्या खोळंबल्या. मी म्हटलं, आता आपलं काही काम नाही. आतल्या खोलीत गेले, दार ओढलं, तुमचं पुडकं सोडलं, तेलात लेप गरम केला आणि पाय पसरून दोन्ही गुडघ्यांना थापून बसले.

दार ढकलून शुभदा आत आली. नेसून तयार, डोक्याला मुंडावळ्या बांधायच्या बाकी होत्या. माझ्यासमोर खाली बसली. दुखतंय का म्हणाली. मी म्हटलं, तू जा, साडीला डाग पडेल. तिने पुडक्यावरचं तुमचं अक्षर बघितलं. आणि मला काही कळायच्या आत माझ्या उजव्या गुडघ्यावरची हळद दोन बोटांवर घेतली आणि दोन्ही गालांना लावली.

मग माझा हात उचलून स्वतःच्या कपाळाकडे नेऊ लागली. म्हणाली, "आता तू लाव."

वन्सं, मी तिचं मनगट धरलं.

घट्ट धरलं, बांगड्या रुतेपर्यंत. माझ्या तोंडात शब्दही आले होते, "शुभदा, तू राहू दे." अगदी तुमचेच. माझं जे झालं ते माझ्या हातून हिला लागेल, माझ्यामुळे माझ्या पोरीचं काही वाईट होईल, एवढंच डोक्यात. तेव्हा मला कळलं की त्या दिवशी मांडवात तुमचा हात का पुढे आला. मला वाटत होतं तुम्ही मला परकं केलंत. तुम्हाला चित्राचं भय वाटलं होतं, एवढंच. ही तुमची भीती मी तीन वर्षं अपमान म्हणून सांभाळून ठेवली. तुम्ही तोंडाने सांगितलं असतं तर त्याच रात्री आपण दोघी रडून मोकळ्या झालो असतो. पण भीती कुठे सांगता येते? मलाही पोरीला सांगता आली नाही.

शुभदाने हात सोडवून घेतला नाही. शांतपणे म्हणाली, "आई, आत्याने औषध म्हणून पाठवलंय ना? मग मला औषध लाव."

मी मनगट सोडलं. आणि वन्सं, मी लावली. कपाळाला, हनुवटीला, दोन्ही हातांना. लेपातली आंबेहळद जाडसर, तिच्या गालावर खरखरीत लागत होती. मायलेकी रडतही होतो आणि तेलाच्या वासाने शिंकतही होतो.

तेवढ्यात टेम्पो आला. विहीणबाई उष्ट्या हळदीची वाटी घेऊन थेट आतच आल्या. त्यांना काय दिसलं असेल? नवऱ्याची हळद यायच्या आधीच नवरी पिवळीधमक, आणि शेजारी विधवा आई, तीही गुडघ्यांपर्यंत पिवळी. त्यांच्यामागे त्यांच्या जाऊबाई होत्या, त्या तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "अगं बया, ह्ये काय इपरीत." ओसरीवरच्या बायका दाराशी जमल्या. मला वाटलं, मोडलं लग्न. रीतीपरमानं म्हणाल्या होत्या त्या.

विहीणबाईंनी वाटी खाली ठेवली. माझ्या गुडघ्यांकडे बघितलं, पोरीच्या गालांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "ही कुनाची हळद?" मी म्हटलं, माझ्या नणंदेने सांगलीहून पाठवली, माझ्या गुडघ्यांसाठी. लग्नासाठी नव्हे. खोटं बोलणं सुचलंच नाही.

"म्हंजी पोरीच्या आत्याची," त्या म्हणाल्या. "मग आत्याचीच पयली लागली की. रीत मोडली कुटं?"

आणि खाली बसल्या, म्हणजे बसायला गेल्या आणि मध्येच अडकल्या. जाऊबाईंना हात देऊन बसवावं लागलं. लेपाची वाटी ओढून त्यांनी उष्ट्या हळदीत दोन बोटं लेप कालवला आणि वाटी माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "तुमी आन मी मिळून लावू. आन उरली तर माज्या गुडघ्यास्नी ठिवा. माजं बी लई दुखत्यात." जाऊबाई दारातच उभ्या राहिल्या. त्यांनी हळदीला हात लावला नाही, आणि जेवताना माझ्याशी बोलल्याही नाहीत. ते चालायचंच. मी ती वाटी धरून ओसरीवर गेले, इतक्या वर्षांनी, आणि चाळीतल्या कुणीही मला राहू दे म्हटलं नाही.

तर वन्सं, तुम्ही आला नाहीत, सावलीही येऊ दिली नाहीत, आणि तरी शुभदाला पहिली हळद तुमचीच लागली. नवऱ्याकडच्या हळदीच्याही आधी. पुडक्यावर ठसठशीत लिहून काही उपयोग झाला नाही.

पुढच्या गुरुवारी दोघं जोडीने तुमच्या पाया पडायला सांगलीला येतायत. मीही येते आहे, रजा टाकली आहे. विहीणबाईंसाठी गोळ्या वळून ठेवा, त्यांनी ज्योतीरामजवळ दोनदा निरोप दिलाय. आणि तुमची लेपाची वाटी फडताळातून काढा. रात्री तुमच्या गुडघ्यांना मी लावीन, माझ्या तुम्ही लावा. दार उघडंच ठेवू.

आज कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटताना बायका माझ्या हातांकडे बघून हसत होत्या. नखं अजून पिवळी आहेत. मी ती घासलेली नाहीत.

तुमची
कुसुम